शिरोरेषा आणि शाईचा हिशेब

अक्षरांना बारीक छिद्रे पाडून शाई वाचविण्याची जी युक्ती २००८ साली हॉलंडात ‘इकोफॉन्ट’ या नावाने पुढे आली, आणि सरकारी कागद ‘गॅरामंड’ टंकात छापल्यास कोट्यवधी डॉलर वाचतील असा जो हिशेब २०१४ साली सुवीर मिरचंदानी या अमेरिकेतील चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने मांडला, त्या दोहोंचे कौतुक अवश्य करावे. परंतु ते रोमन लिपीचे हिशेब आहेत, आणि आमच्या कचेऱ्यांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत. गॅरामंड त्याच मापात मुळातच लहान दिसतो, तेव्हा ही बचत बव्हंशी लहान अक्षराची, ही त्यातील मेख टंकतज्ज्ञांनी तेव्हाच दाखविली होती. देवनागरीला लहान होणे परवडत नाही. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, अक्षर आक्रसले की पहिला बळी अनुस्वाराचा, आणि सातबाऱ्यावरील नावातून ते टिंब उडाले तर खातेदाराच्या नशिबी तलाठ्याकडे खेटे आलेच.

आमची काटकसर शिरोरेषेत आहे. रोमनला नसलेली ही आडवी रेघ ओळीमागून ओळ शाई पीत जाते, आणि अक्षर तर आपण ओळखतो ते बहुतांशी तिच्याखालच्या अंगावरून. तापीच्या उताराकडील गुजरातीने तिला केव्हाच रजा दिली. आपण तेवढे निष्ठुर होऊ नये, कारण ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांचा निवाडा ती कोठे तुटते यावरच होतो. पण ती उभ्या दंडाइतकी जाड असावी, असा कोणत्या शास्त्राचा दंडक आहे? धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील जुने मोडी कागद ज्यांनी हाताळले असतील, त्यांना ठाऊक आहे की कारकून आधी ओळभर रेघ ओढून घेई आणि मग अक्षरे तिला टांगी. रेघ हा आधार होता, अलंकार नव्हे.

ज्या जळगावात केळीला ठिबकाने पाणी मोजून दिले जाते, तेथील कचेरीत साध्या नोटिशीचा मजकूरही ठळक टंकात छापला जावा, हे विपरीत होय. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’सारखा टंक करून घेतलाच आहे, शासनाने तिच्याकडेच बारीक शिरोरेषेच्या, परंतु ठसठशीत अनुस्वाराच्या दफ्तरी टंकाची तजवीज सोपवावी, आणि त्याची परीक्षा मुंबईच्या संगणकपडद्यावर न करता चोपडा-शिरपूरच्या तहसील कचेरीत, दुसऱ्यांदा भरून आणलेल्या टोनरवर, चष्मा घरी विसरून आलेल्या वृद्ध खातेदारासमोर करावी.