भरतीचे पाणी, भरावाची माती

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीच्या खारफुटीत शिरणारी वाट नातवंडाचे बोट धरून आजोबांनाही सहज चालता येईल अशी आहे. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या ओढीने तिथे जाणाऱ्या ठाणेकर-डोंबिवलीकरांना हा चिखल माणसाचा हात न लागलेला निसर्ग वाटतो, आणि हा समज जितका सुखद तितकाच चुकीचा आहे.

या खाडीकाठी माणूस फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणच्या बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. शिलाहारकाळात, शके 982 मध्ये, खाडीला मिळणाऱ्या वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवालय उभे राहिले. आणि 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची जुळवाजुळव इथल्याच पाण्यात आरंभली. राज्ये बदलली तरी भरतीच्या वेळा पाहूनच गलबत हाकारायचे, ही शिस्त कोणालाही मोडता आली नाही.

राजांच्या इतिहासात न सापडणारा, पण या भूमीचा खरा वास्तुविशारद म्हणावा असा माणूस म्हणजे इथला आगरी शेतकरी. त्याने माती-दगडांचे बांध घालून खाजणे, म्हणजे भरतीच्या खाऱ्या जमिनी, कसली, आणि बांधात ठेवली उघाडी: भरतीच्या दाबाने आपसूक मिटणारे आणि ओहोटीला आतले गोडे पाणी खाडीत सोडणारे दार. पावसाने जमिनीतला खार धुवून निघाला की त्यात खारे पाणी सोसणारा भाताचा वाण लावायचा. खाडीच्या अंगाला मिठागरे. त्यांच्याही पुढे लाटा अंगावर घेणारी तिवरे, म्हणजेच खारफुटी. या माणसांना आजच्या अर्थाने पर्यावरणवादी ठरवण्याचे कारण नाही. सरपणाला तिवरच तुटत असे. परंतु समुद्राकडून जमीन घेताना पाण्याचा परतीचा रस्ता मोकळा ठेवावा लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ठाण्यातला पोर्तुगीज अंमल 1737 मध्ये संपून मराठे आले, 1774 मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. बांधांची डागडुजी मात्र गावकीच करत राहिली.

1853 मध्ये ठाण्याला पोहोचलेली रेल्वे पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली, आणि इथल्या वस्तीचे तोंड बंदराकडून स्थानकाकडे वळले. पुढे 1948 च्या खारभूमी कायद्याने बांधांचा कारभार सरकारी चौकटीत आणला. 1949 मध्ये उल्हासनगर वसले, 1970 मध्ये शहर वसवणारे सिडको महामंडळ आले, 1983 मध्ये कल्याण-डोंबिवलीची महापालिका झाली. भातखाचरांचे भूखंड होत गेले, आणि जी खाचरे तशीच उरली त्यांतल्या कित्येकांचे बांध बेवारस झाले. बांध फुटला की खारे पाणी आत येते आणि त्यामागून तिवर. आज जंगल दिसते तिथे काल कोणाचे तरी शेत असणे म्हणूनच अशक्य नाही, आणि संवर्धनाच्या उत्साहात ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी बदलापूर-कल्याणच्या घरांत शिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड आणि तिच्यावरचा भराव थांबवण्याचा आदेश दिला. 2012 मध्ये खारफुटी राखणारा कांदळवन कक्ष, 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, 2018 मध्ये खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवणारा निकाल आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा, असे एकामागून एक घडले. समुद्रापासून जमीन वाचवण्यासाठी कायदा करणारे राज्य साठ-सत्तर वर्षांत समुद्रासाठी जमीन राखू लागले, हे वळण लहान नव्हे. तरी 2019 च्या जुलैत वांगणीजवळ उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकलीच. अभयारण्याची हद्द खाडीला असते, नदीच्या पूररेषेला तिचा आधार नसतो. शिवाय रोहितांचे थवे वाढले ते पाणी निर्मळ झाले म्हणून, असेही नाही. शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ हेच त्यांचे अन्न, असे अभ्यासक मानतात. खारफुटीच्या वाढत्या क्षेत्रातही खाडी गाळाने उथळ होत गेल्याचा वाटा आहे. तेव्हा गुलाबी थवा पाहून खाडीला प्रकृतीचा दाखला देण्याची घाई नको.

खाडीची खरी प्रकृती ठरते ती जुना बांध आणि आजचा भराव यांतल्या फरकावर. बांधाला दार होते, भरावाला ते नसते. बांध घालणारा त्याच्याआड स्वतः राहत होता, भराव करणारा सदनिका विकून निघून जातो. खाडीच्या पश्चिम तीरावरची कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे 256 एकर मिठागरे धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला, तेव्हा एक युक्तिवाद असा होता की द्रुतगती मार्गामुळे तिथे भरतीचे पाणी आता येतच नाही. आधी रस्त्याने पाणी अडवायचे आणि मग पाणी नाही म्हणून घरे बांधायची, हा क्रम मुंबई बेटांच्या भरणीपासून चालत आला आहे. भरती येत नसेलही. पण मुलुंड-भांडुपच्या टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी आजवर याच सखल मिठागरांत विसावत होते, आणि त्याची उघाडी कुठे ठेवणार, हे प्रकल्पाच्या नकाशात कोणीतरी दाखवायला हवे.