प्रमाणपत्र विकासकाला की आवृत्तीला?

ब्राउझरला जोडावयाची एक्स्टेंशन तयार करणाऱ्या त्रयस्थ विकासकांना प्रमाणपत्र दिले की ग्राहकाचा विश्वास वाढतो, असे मानले जाते. तो वाढतोही, परंतु त्याला आधार कशाचा, हे तपासले पाहिजे.

डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सायबर सुरक्षा कंपनीचेच क्रोम एक्स्टेंशन हल्लेखोरांच्या हाती गेले. एका कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलद्वारे गाठून त्यांनी घातक आवृत्ती अधिकृत मार्गानेच ग्राहकांपर्यंत पोहोचवली. अशा वेळी विकासकाच्या नावावरील प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते.

प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र विशिष्ट अनुक्रमांकाच्या उपकरणाला मिळते. त्यावर तारीख असते आणि मोजमापातील अनिश्चितताही नोंदवलेली असते. उत्पादक कितीही नामांकित असला तरी या तपासणीतून सुटका नसते. सॉफ्टवेअरलाही हाच न्याय लावावा. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, हे त्या दिशेने पडलेले पाऊल होय. आता प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र तपासणी व्हावी, प्रमाणपत्राला मुदत असावी आणि ते रद्द झाल्यास ग्राहकाला त्याच दिवशी कळावे. एवढे होईपर्यंत विकासकाच्या नावापुढील प्रमाणित हा शिक्का ग्राहकाने केवळ ओळखपत्र समजावा.