रणांगणावरून परतल्यावर

दरवर्षी ११ नोव्हेंबर रोजी कॅनडातील गावोगावच्या स्मृतिस्तंभांवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि खसखशीचे लाल फूल छातीवर लावून लोक दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात. मृतांचा सन्मान करणे कोणत्याच राष्ट्राला फारसे जड जात नाही. जिवंत परतलेल्यांचे काय करावयाचे, येथे खरी कसोटी लागते.

पहिल्या महायुद्धानंतर त्या देशाने सैनिकांना जमीन व कर्ज देऊन वसविण्याचा घाट घातला. जमीन अनेक ठिकाणी निकृष्ट, कर्ज मात्र अस्सल. भाव कोसळताच हजारो जवान शेते सोडून निघून गेले. दुसऱ्या महायुद्धात मात्र राज्यकर्त्यांनी हा धडा लक्षात ठेवला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तोफा धडधडत असतानाच, १९४१ पासून, पुनर्वसनाचे नियम होऊ लागले. १९४४ मध्ये स्वतंत्र खाते निघाले. परदेशातील सेवेच्या दर ३० दिवसांमागे १५ डॉलर उपदान, जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्क, सेवेच्या महिन्यांच्या प्रमाणात मोफत उच्च शिक्षण! पन्नास हजारांवर जवान त्यामुळे विद्यापीठांत गेले. नागरी कपड्यांसाठी १०० डॉलरही मिळत. गणवेश उतरविल्यावर माणसाने घालावे काय, याचाही विचार कोणीतरी केला होता.

परंतु ही पंगत सर्वांसाठी नव्हती. पाणबुड्यांच्या तडाख्यातून रसद नेणाऱ्या व्यापारी जहाजांवरील खलाशांना युद्धसैनिकांचा पूर्ण दर्जा मिळण्यास १९९२ साल उजाडावे लागले. राखीव वस्त्यांतील आदिवासी जवानांचे लाभ सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर अडले. ओजिब्वे जमातीच्या टॉमी प्रिन्स याला बकिंगहॅम राजवाड्यात राजाच्या हस्ते शौर्यपदके मिळाली. तो १९७७ मध्ये विनिपेगमध्ये दारिद्र्यात वारला. पदके त्यापूर्वीच हातची गेली होती. २००१ मध्ये ती लिलावातून परत मिळवावी लागली.

हे वाचताना आम्हांस परकेपणा वाटत नाही. १९४४ च्या मे महिन्यात इटलीत गारी नदीवर आठव्या हिंदी डिव्हिजनच्या मदतीला कॅनडाचे रणगाडे होते, आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणही होती. बेळगावच्या परिसरातील वृद्धांना ही नावे ठाऊक असत. शिवाय ज्या स्वातंत्र्यसैनिकांनी तुरुंगवासाचा दाखला मिळविण्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांना टेबलामागच्या थंडपणाचे वर्णन नव्याने करून सांगण्याची गरज नाही.

२००६ मध्ये कॅनडाने अपंगत्वाचे मासिक निवृत्तिवेतन बंद करून एकरकमी भरपाई सुरू केली. विशीत पाय गमावलेल्या तरुणाच्या हाती एक धनादेश ठेवून मोकळे होण्याचाच हा प्रकार. अफगाणिस्तानात चाळीस हजारांहून अधिक कॅनेडियन गेले होते, १५८ सैनिक तेथे कामी आले. परतलेल्या जखमींनी न्यायालयाचे दार ठोठावले. सरकारी वकिलांचा युक्तिवाद असा की, सैनिकांप्रति राष्ट्राचे कोणतेही विशेष कायदेशीर ऋण नाही! २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयाने सैनिकांचा दावा फेटाळला. कायद्याच्या काट्यावर तो निर्णय बरोबर असेलही. पण ज्या सरकारने तो युक्तिवाद करविला, त्याने कोणत्या तोंडाने पुष्पचक्र वाहावे?

लोकक्षोभामुळे २०१९ पासून मासिक वेतनाचा पर्याय परत आला. तथापि २०२२ मध्ये तेथील महालेखापरीक्षकांनी दप्तरे तपासली, तेव्हा पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या जवानाला निर्णयासाठी सुमारे ३९ आठवडे थांबावे लागत असल्याचे दिसून आले. खात्याने स्वतःच ठरविलेली मुदत १६ आठवड्यांची होती. स्त्रिया आणि फ्रेंच भाषिक यांची प्रतीक्षा तर त्याहूनही लांबली होती.