विश्लेषण : परदेशात वायफायवरून केलेला फोन खरोखर फुकट असतो का?

परदेशी सहल, मुलांचे शिक्षण, आखातातली नोकरी किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा मुक्काम. कारण काहीही असो, निघताना बहुतेकांचा एक हिशेब ठरलेला असतो : ‘तिथे वायफाय आहे, फोनची काय चिंता?’ प्रत्यक्षात दुबईत उतरल्यावर व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, गावाकडे आईच्या हातात साधा बटणांचा फोन असतो, बँकेचा ओटीपी येत नाही आणि परतल्यावर बिलाचा धक्का बसतो तो वेगळाच. वायफाय तर सगळीकडे सारखेच. मग फोनचा खर्च आणि नियम देशागणिक, कंपनीगणिक का बदलतात?

वायफायवरून फोन म्हणजे नेमके काय?

या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. पहिला प्रकार ॲपवरच्या कॉलचा. व्हॉट्सॲप, सिग्नल, फेसटाइम, गूगल मीट यांवरचे बोलणे हा इंटरनेटवरचा डेटा असतो. मोबाइल कंपनीच्या लेखी तो ‘फोन’ नसतोच. मात्र दोन्ही बाजूंना तेच ॲप आणि इंटरनेट लागते.

दुसरा प्रकार म्हणजे मोबाइल कंपनीची ‘वायफाय कॉलिंग’ सेवा. यात वेगळे ॲप लागत नाही. नेहमीच्या डायलरवरून, नेहमीच्या क्रमांकावरून फोन लागतो. टॉवरऐवजी वायफायमधून एक सुरक्षित वाट काढून फोन थेट आपल्या कंपनीच्या यंत्रणेला जोडला जातो आणि सिमकार्डावरून ओळख पटवली जाते. त्यामुळे समोरच्याकडे साधा फोन किंवा लँडलाइन असली तरी बोलता येते. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सेवा सुरू केली. घरात रेंज नसणाऱ्यांना तिचा मोठा आधार झाला.

रोमिंग महाग आणि वायफाय स्वस्त का?

परदेशात भारतीय सिम सुरू केले की ते तिथल्या एखाद्या कंपनीच्या जाळ्यावर पाहुणे म्हणून जाते. ती कंपनी आपल्या टॉवरच्या वापराचे पैसे भारतीय कंपनीकडून घेते आणि ते अखेर ग्राहकाच्या बिलात येतात. परदेशात असताना येणाऱ्या कॉलचेही पैसे पडतात ते यामुळेच. पुण्याहून कोणी फोन केला, तर तो आधी भारतातल्या जाळ्यात येतो आणि तिथून परदेशी टॉवरपर्यंत पाठवला जातो. या दुसऱ्या टप्प्याचा खर्च फोन घेणाऱ्याच्या माथी पडतो.

वायफायवर हा पाहुणचाराचा टप्पाच गळतो. बोलण्याला डेटाही फारसा लागत नाही. ॲपवरच्या साध्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी पुरतो. म्हणजे एक जीबीमध्ये पंधरा तासांहून अधिक बोलणे होऊ शकते. व्हिडीओ कॉलला मात्र याच्या कितीतरी पट डेटा जातो.

मग भारतीय क्रमांकावरून परदेशातले वायफाय कॉलिंग सरसकट मोफत का नाही?

कारण अडसर तंत्रज्ञानाचा नाही, हिशेबाचा आहे. परदेशातून भारतात येणारा प्रत्येक फोन हा ‘आंतरराष्ट्रीय कॉल’ मानला जातो. तो परवानाधारक आंतरराष्ट्रीय कंपनीच्या प्रवेशद्वारातूनच यावा आणि ज्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाला तो पोहोचतो, तिला मिनिटामागे ठरलेले शुल्क मिळावे, असा नियम आहे. मे २०२० पासून हे शुल्क ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान ठेवण्याची मुभा ‘ट्राय’ने दिली.

वायफाय कॉलिंग या भिंतीला आपोआप वळसा घालते. पॅरिसमधल्या हॉटेलातला फोन वायफायवरून मुंबईतल्या यंत्रणेला जोडला गेला, की जाळ्याच्या दृष्टीने तो मुंबईतच असतो. मग तो देशांतर्गत कॉल मानायचा की आंतरराष्ट्रीय? ऑक्टोबर २०१७ मधील ‘इंटरनेट टेलिफोनी’वरील शिफारशींत ‘ट्राय’ने या प्रश्नाची दखल घेतली होती. परदेशात गेलेल्या ग्राहकाने केलेला असा कॉल आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वारातूनच यावा. कंपनीला याची खात्री देता येत नसेल, तर तिने परदेशात ही सुविधा देऊच नये, असा त्याचा आशय होता. पुढे २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट टेलिफोनीसाठीच्या परवान्याच्या अटी स्पष्ट केल्या.

त्यामुळे भारतात मोफत चालणारे वायफाय कॉलिंग परदेशात चालेलच असे नाही. चालले, तरी त्याचे पैसे कसे मोजायचे हे कंपनी आणि पॅक ठरवतात. अमेरिकेतील चित्र वेगळे आहे. तिथल्या टी-मोबाइल, एटी अँड टी यांसारख्या कंपन्या परदेशातून वायफायवरून अमेरिकी क्रमांकावर केलेल्या कॉलला वेगळे पैसे आकारत नाहीत. म्हणूनच सुट्टीत नाशिक-सांगलीला आलेला अमेरिकावासी मुलगा घरच्या वायफायवरून तिथल्या कार्यालयाशी सहज बोलतो, पण त्याच्याकडे गेलेल्या आईवडिलांना आपल्या भारतीय सिमवरून तसेच बोलता येईल, हे गृहीत धरता येत नाही.

व्हॉट्सॲप कॉल सगळीकडे चालतो का?

नाही. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबूधाबीत, व्हॉट्सॲपवर संदेश आणि छायाचित्रे जातात, पण कॉलवर निर्बंध आहेत. तिथल्या दूरसंचार नियामकाने मान्यता दिलेल्या ‘बोटिम’सारख्या ॲपवरूनच बोलता येते. कोकणातून आखातात गेलेल्या अनेक कुटुंबांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपबरोबर आणखी एक ॲप दिसते, ते यासाठीच. करोनाकाळात ऑनलाइन शिक्षण आणि कामासाठी तिथे झूम, टीम्स यांसारख्या काही सेवांना परवानगी मिळाली, परंतु व्हॉट्सॲप कॉलचे दार उघडले नाही.

‘व्हीपीएन टाकले की झाले’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी इंटरनेट पत्ता बदलल्यास ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद आहे. बंदी असलेली सेवा वापरणे त्यात मोडले, तर सहलीच्या खर्चाच्या कित्येक पट रक्कम जाऊ शकते.

चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगलच्या सेवा तिथल्या वायफायवर उघडत नाहीत. गंमत अशी की, भारतीय सिमचा रोमिंग डेटा सहसा आपल्या देशातल्या यंत्रणेमार्फत इंटरनेटवर जातो, त्यामुळे त्यावर ही ॲप बहुधा चालतात. म्हणजे फुकटचे हॉटेल वायफाय निरुपयोगी आणि पैसे भरून घेतलेले रोमिंग उपयोगी, असा उलटा हिशेब तिथे होतो.

समोरच्याकडे स्मार्टफोन नसेल तर काय?

ॲपवरून थेट मोबाइल किंवा लँडलाइनवर फोन करण्याची सोय एकेकाळी स्काइपने घराघरांत पोहोचवली. २००३ मध्ये सुरू झालेली ही सेवा मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ रोजी बंद केली. ‘व्हायबर आउट’सारखे पर्याय आहेत. त्यात आधी पैसे भरायचे आणि मिनिटाच्या दराने बोलायचे. हा दर रोमिंगपेक्षा बहुधा कमी असतो.

मात्र अनोळखी, फारच स्वस्त ॲपपासून सावध राहावे. परदेशातून आलेला फोन भारतातला क्रमांक दाखवून फसवणूक करण्याचे प्रकार वाढल्याने सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे बनावट कॉल रोखणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांत तिने सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचे सरकारने जाहीर केले होते. एखादे ॲप आडमार्गाने कॉल पाठवत असेल, तर तो घरी पोहोचणारच नाही. पोहोचला, तरी अनोळखी क्रमांक पाहून आई तो उचलणार नाही. आपणच तर तिला तसे बजावलेले असते.

सिम बाइंडिंगच्या आदेशाने काय बदलते?

आजवरची रूढ युक्ती अशी : परदेशात पोहोचल्यावर भारतीय सिम काढून पाकिटात ठेवायचे, स्थानिक सिम घालायचे आणि व्हॉट्सॲप जुन्याच भारतीय क्रमांकावर चालू ठेवायचे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या सेवांना आदेश दिला की, ज्या सिमवर खाते नोंदवले आहे ते सिम फोनमध्ये असेल, तरच ॲप चालावे. यासाठी ९० दिवसांची मुदत देण्यात आली. संगणकावर चालणारे व्हॉट्सॲप दर सहा तासांनी बंद होऊन पुन्हा जोडावे लागावे, असेही त्यात म्हटले होते. परदेशातून भारतीय क्रमांकांच्या आडून होणारी ऑनलाइन फसवणूक रोखणे, हा यामागचा हेतू.

सिम फोनमध्येच असेल आणि ग्राहक रोमिंगवर असेल, तर अडचण येणार नाही, असे विभागाने स्पष्ट केले. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे : भारतीय सिम काढू नये. स्थानिक सिम किंवा ई-सिम दुसऱ्या जागी घालावे आणि भारतीय सिमचे फक्त डेटा रोमिंग बंद ठेवावे. बँकेचे ओटीपी त्याच सिमवर येत असल्याने हा धडा सिम बाइंडिंग नसते तरी लागू होताच.

बिल नकळत कसे फुगते?

पहिली चूक म्हणजे वायफाय कॉलिंग सुरू आहे म्हणून कॉल वायफायवरूनच गेला, असे समजणे. परदेशी टॉवरची रेंज चांगली असेल, तर फोन गुपचूप रोमिंगवरून कॉल लावू शकतो. यावर साधा उपाय आहे. आधी फ्लाइट मोड सुरू करावा, मग त्यातच वायफाय सुरू करावे. असे केल्यावर टॉवरशी संबंधच उरत नाही.

दुसरी चूक स्थानिक क्रमांक फिरवण्याची. सिंगापूरमध्ये उभे राहून तिथल्याच टॅक्सीचालकाला भारतीय क्रमांकाच्या वायफाय कॉलिंगवरून फोन केला, तर तो मुंबईहून सिंगापूरला केलेल्या फोनसारखा मोजला जाऊ शकतो. अशा वेळी स्थानिक सिम किंवा ॲप वापरलेले बरे.

तिसरी चूक प्रवाससिमची. पर्यटकांसाठी विकली जाणारी बहुतेक ई-सिम केवळ डेटा देतात. त्यांना फोन क्रमांक नसतो. ॲपवर बोलायला ती पुरेशी आहेत, हॉटेलला साधा फोन करायला नाहीत. चौथी चूक विमानात आणि जहाजावर होते. तिथले मोबाइल जाळे उपग्रहावर चालते आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये धरलेले असतीलच असे नाही. फ्लाइट मोड काढायला विमान जमिनीवर टेकेपर्यंत थांबावे.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ग्राहक सेवेकडे तीन प्रश्न विचारावेत. माझ्या पॅकवर त्या देशात वायफाय कॉलिंग चालेल का? भारतात केलेल्या आणि भारतातून आलेल्या वायफाय कॉलचे पैसे कसे मोजले जातील? वायफायवर किंवा रोमिंगवर येणारे एसएमएस मोफत आहेत का? उत्तर लेखी, निदान संदेशात घ्यावे. वायफाय कॉलिंगची सेटिंग भारतात असतानाच सुरू करून एक कॉल करून पाहावा, कारण परदेशात ती पहिल्यांदा सुरू करताना अडचण येऊ शकते.

जिथे व्हॉट्सॲप कॉल चालत नाही, त्या देशातले मान्य ॲप घरच्यांच्या फोनमध्येही आधीच घालून, त्यांना एकदा वापरून दाखवावे. विमानतळाच्या वायफायवर व्हॉट्सॲपचे बोलणे दोन्ही टोकांना कूटबद्ध असते, पण तेच वायफाय बँकेच्या कामासाठी वापरणे टाळलेले चांगले.

आणि एक गोष्ट पैशांच्या हिशेबाबाहेरची. संकटात वायफायवर विसंबू नये. व्हॉट्सॲपवरून पोलीस किंवा रुग्णवाहिका बोलावता येत नाही, आणि वायफाय कॉलवरून आपण नेमके कुठे आहोत हे मदत यंत्रणेला कळेलच याची खात्री नसते. अशा वेळी फ्लाइट मोड काढून साध्या डायलरवरून तिथला आपत्कालीन क्रमांक फिरवावा. युरोपीय महासंघात तो ११२ आहे. हे क्रमांक लावताना फोन मिळेल त्या जाळ्याचा आधार घेतो. रोमिंगचे चार पैसे वाचवण्यासाठी बंद केलेला टॉवर त्या क्षणी सुरू करण्याचे भान सोबतच्या प्रत्येकाला असायला हवे, आणि ते घरातून निघतानाच सांगून ठेवायला हवे.