कुत्रे निळे झाले तेव्हा

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे कुत्रे दिसले. फोटो देशभर फिरले, मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला. कासाडी नदीतली मासळी गेल्याचं कोळी बांधव आधीपासून ओरडून सांगत होते. त्यांचा फोटो कोण काढणार? पाण्याचा कायदा १९७४चा, हवेचा १९८१चा. दोन्हींत कारखान्याला टाळं लावण्याचा अधिकार आहे, तो वापरायला कुत्रा रंगावा लागला!

वजूच्या पाण्याचा रंग, वास, चव बदलली नाही ना, हे आपण बघतो. पण वाशी-नेरूळच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, त्यामुळे कासाडी आपल्या लेखी नाहीच. माझी मागणी साधी आहे: कासाडीच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल दर महिन्याला नदीकाठच्या गावांत, मराठीत लावा.