मत्स्य आणि मयूर : ‘नवनाथभक्तिसारा’तील विद्येचे सत्ताकारण

प्राचीन, गूढ आणि संहारक सामर्थ्य असलेली एखादी विद्या, ती आपल्या ताब्यात असावी म्हणून झगडणारे निरनिराळे पक्ष आणि त्या झगड्यात पणाला लागलेली सृष्टीची घडी, हे कथासूत्र आज आपल्या विद्यार्थ्यांना प्रामुख्याने पाश्चात्त्य अद्भुतकथांतून भेटते. टॉल्किनची अंगठीविषयक त्रिखंडात्मक कृती (१९५४-५५), अर्सुला ले ग्विनची १९६८ साली सुरू झालेली ‘अर्थसी’ची मालिका आणि १९९७ पासूनचे हॅरी पॉटर यांची नावे पदव्युत्तर वर्गातही सहज घेतली जातात. ‘मराठीत असे काही आहे का?’ या त्यांच्या प्रश्नाला आपण ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्याकडे बोट दाखवतो आणि लगेच ‘परंतु तो मराठी कादंबरीचा बाल्यकाळ होता’ अशी पुस्ती जोडतो. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या निबंधापासून अद्भुताकडे चिकित्सेने पाहण्याची, आणि हरिभाऊंच्या उदयानंतर ते मागे टाकलेले वळण मानण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली आहे. या सवयीमुळे अद्भुताच्या चौकटीत सत्तेचा विचार करणारी एक मोठी मराठी संहिता आपल्या दृष्टीआड राहिली, असे मला वाटते. ही संहिता म्हणजे धुंडीसुत मालू याने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ साली, पूर्ण केलेला चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ ‘नवनाथभक्तिसार’.

या ग्रंथाचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला. भाविकांच्या दृष्टीने तो पारायणाचा ग्रंथ आहे, तर संशोधकांच्या दृष्टीने संप्रदायाच्या इतिहासाचे एक उत्तरकालीन आणि म्हणून जपून वापरायचे साधन आहे. हजारीप्रसाद द्विवेदी (१९५०) आणि रा. चिं. ढेरे (१९५९) यांच्या ग्रंथांनी नाथ संप्रदायाच्या इतिहासाची पायाभरणी केली, हे ऋण मोठेच आहे. परंतु दंतकथेतून इतिहास वेगळा काढण्याच्या उद्योगात दंतकथेची स्वतःची रचना काय सांगते, हा वाङ्मयाचा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नावर आहे.

१

ग्रंथाचा आरंभ आणि शेवट शेजारी ठेवून पाहिले की एक विलक्षण साम्य आढळते. आरंभी शिव पार्वतीला गुह्य उपदेश करीत असताना पाण्यातील मत्स्याच्या उदरी असलेला गर्भ तो ऐकतो. हाच पुढे मच्छिंद्रनाथ. ही कथा मालूची स्वतःची नव्हे. ज्ञानदेवांनीही ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायात आपली गुरुपरंपरा सांगताना तिला स्थान दिले आहे. ग्रंथाच्या अखेरीस, चाळिसाव्या अध्यायात, मच्छिंद्र मीननाथाला वाताकर्षण विद्या शिकवीत असताना इंद्र मयूराचे रूप घेऊन ती ऐकतो. म्हणजे विद्या चोरून ऐकण्याच्या दोन घटनांच्या मध्ये हा ग्रंथ बांधलेला आहे. पहिल्या श्रोत्याला आशीर्वाद मिळतो, दुसऱ्याला शाप मिळतो. कृती एकच असताना न्याय दोन का, हा ग्रंथातील कळीचा प्रश्न मानला पाहिजे.

वाताकर्षण ही साधी करामत नाही. प्राणवायूचेच आकर्षण करून प्रतिपक्षाला निश्चेष्ट करणारी ती विद्या आहे. तिचे सामर्थ्य इंद्राला कळते ते पराभवातून. चर्पटीनाथ स्वर्गात जाऊन इंद्राच्या उपवनातील फुले तोडतो. त्यावरून युद्ध पेटते आणि एका फिरस्त्या जोग्यापुढे देवांची सेना हतबल होते. ज्याच्याजवळ सिंहासन, सैन्य व वज्र आहे त्याच्याजवळ ही एक गोष्ट नाही, आणि ज्याच्याजवळ झोळीखेरीज काही नाही त्याच्याजवळ ती आहे. सत्ता आणि विद्या यांची ही फारकत झाल्याबरोबर सत्तेला स्वस्थता उरत नाही.

ती मिळवण्यासाठी इंद्राने योजलेला उपाय मुद्दाम पाहण्याजोगा आहे. तो पुन्हा युद्ध करीत नाही, शिष्यत्वही पत्करीत नाही. बृहस्पतीच्या सल्ल्याने तो सिंहलद्वीपी सोमयाग मांडतो, नाथांना सन्मानाने पाचारण करतो, यज्ञाची कार्ये त्यांच्याकडे सोपवतो आणि त्या सन्मानाच्या आडून कानाने विद्या हरण करतो. राजाश्रय हा विद्येचा गौरव असतो, तसा तिच्यावर ताबा मिळवण्याचा मार्गही असू शकतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा प्रसंग आपल्या जुन्या वाङ्मयात मला दुसरा चटकन आठवत नाही. समित्या, पुरस्कार आणि अनुदाने यांच्या सहवासात वावरणाऱ्या आपण अध्यापकांनी तो थोडा थांबून वाचावा.

आता दोन न्यायांविषयी. मत्स्यगर्भाने गुह्य ऐकले तेव्हा तो लपून राहिला नाही. उपदेशाचे सार काय, असे शिवाने विचारताच त्याने पाण्यातून उत्तर दिले आणि स्वतःला उघड केले. इंद्र मात्र हवे ते पदरात पडेपर्यंत रूप पालटून राहिला. एकाजवळ कोणतेच अधिकारपद नव्हते, दुसरा आधीच अधिकाराच्या शिखरावर होता. म्हणून ‘विद्या अनधिकाऱ्याच्या कानी पडू नये’ हा रूढ संकेत हा ग्रंथ जवळजवळ उलटा करतो. ज्याला अधिकार नाही त्याने ऐकलेले त्याला मान्य आहे, आणि ज्याच्या हाती सर्व अधिकार एकवटले आहेत त्याने ऐकलेले त्याला धोक्याचे वाटते.

२

ग्रंथाच्या आरंभी येणारी शाबरी विद्येची कथाही याच दिशेने वाचता येते. सप्तशृंगीच्या अंबेच्या कृपेने मच्छिंद्राला मार्तंड पर्वतावरील नागवृक्षाची वाट सापडते. तेथे देवतांकडून वरदान मिळवून तो मंत्रविद्येची रचना सिद्ध करतो. पुढे मारुती, वीरभद्र, अष्टभैरव, कालिका यांच्याशी त्याचे एकामागून एक झगडे होतात. या झगड्यांची अखेर बहुधा विनाशात होत नाही, वचनात होते. हरलेली देवता मंत्राला साहाय्य करण्याचे मान्य करते. येथे विद्येचे सामर्थ्य हे अशा अनेक वचनांची बेरीज असते. ते एकाच्या मालकीचे नसते आणि वचन पाळले जाईपर्यंतच टिकते. शाबर मंत्रांची भाषा संस्कृत नसून लोकांच्या बोलीची असते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. यज्ञविद्येबाहेरच्या लोकांच्या तोंडी बसेल अशा विद्येची ही उत्पत्तिकथा आहे.

परंतु मालू नाथांनाही निर्दोष ठरवीत नाही, आणि येथेच हा ग्रंथ निव्वळ स्तुतिपर चरित्रापेक्षा वेगळा होतो. कानिफा आणि गोरक्ष यांची भेट होते ती आंब्यांच्या वनात, सामर्थ्याच्या चढाओढीने. एकजण मंत्राने फळे उतरवतो, तर दुसरा खाऊन उरलेली फळे परत झाडाला लावून दाखवतो. मग दोघे एकमेकांच्या गुरूंची उणी काढतात. एकाचा गुरू स्त्रीराज्यात गुंतलेला, दुसऱ्याचा गुरू गोपीचंदाने घोड्यांच्या लिदीच्या खड्ड्यात पुरलेला. एकाच परंपरेतील दोन गटांचा हा अहंकार मालूने विनोदाच्या अंगाने, पण स्पष्टपणे रंगवला आहे. गहिनीनाथाचा जन्मही असाच विचार करायला लावतो. संजीवनी मंत्र घोकत असलेला गोरक्ष मुलांच्या हट्टापायी चिखलाचा पुतळा करतो आणि ध्यानीमनी नसता त्यात प्राण येतो. मुले भुताच्या भयाने पळत सुटतात. विद्येचा परिणाम विद्यावंताच्या हेतूबाहेर जातो, ही जाणीव येथे खेळकर रूपात आली आहे.

सामान्य माणसांचा संशयही ग्रंथात नोंदलेला आहे. मच्छिंद्राने दिलेले भस्म ती निपुत्रिक स्त्री उकिरड्यावर टाकते, कारण शेजारणी तिला सांगतात की असल्या कानफाट्यांच्या विद्येचा भरवसा धरू नये. बारा वर्षांनी त्याच उकिरड्यातून गोरक्ष निघतो. म्हणून या शेजारणींना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. ज्यांच्यावर सामर्थ्य चालवले जाते त्यांची बाजू त्या मांडतात.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्त्रीराज्य हे त्यात प्रामुख्याने मोहाचे स्थान म्हणून येते. मैनावतीसारखी गुरू ओळखणारी, मुलाला वैराग्याकडे वळवणारी राजमाता हा ठळक अपवाद आहे. गोपीचंद राज्य सोडतो, पण राज्य तसेच राहते आणि गादीवर दुसरा बसतो. सत्तेपासून सुटकेचा मार्ग मालूला दिसतो, सत्तेच्या पुनर्रचनेचा दिसत नाही. पेशवाई बुडाल्यानंतर वर्षभरात पूर्ण झालेल्या ग्रंथाबाबत हे विशेष सूचक वाटते. तथापि या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याइतका पुरावा संहितेत नाही आणि तो जोडूही नये.

३

इंद्राच्या कथेचा शेवट आपल्या परिसरात येतो. नाथांचा शाप असा की चोरलेली विद्या निष्फळ होईल. मग विनवणी झाल्यावर उःशाप मिळतो : बारा वर्षे तप केल्यास ती फळेल. इंद्र सह्याद्रीवर तपाला बसतो आणि मंत्रप्रयोगात त्याने सोडलेल्या पाण्याचा ओघ भीमरथीला जाऊन मिळतो. त्या ओघाचे नाव इंद्रायणी. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस उगम पावून कार्ले, कामशेत, तळेगाव, देहू, आळंदी असा प्रवास करीत तुळापुरास भीमेला मिळणारी ही नदी मालूच्या रचनेत एका सत्ताधीशाच्या प्रायश्चित्ताचे पाणी ठरते. चोरीने मिळालेले ज्ञान श्रमानेच शुद्ध होते आणि त्या श्रमाचे फळ एकट्या इंद्राच्या पदरात न राहता खोऱ्याला मिळते, असा हा अर्थ आहे.

याच नदीकाठी आळंदीला चांगदेवाची कथा येते. चौदाशे वर्षांचे योगसामर्थ्य घेऊन वाघावर बसून आलेला सिद्ध आणि भिंत चालवणारी भावंडे यांच्या भेटीचा शेवट सिद्धीच्या विजयात होत नाही, सिद्धीचा अभिमान गळण्यात होतो. वारकरी परंपरेने सिद्धीला गौण ठरवले, नाथकथेने तिला नियमांत बांधले. सामर्थ्यावर अंकुश कसा ठेवावा या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत. ती वर्गात एकत्र शिकवली पाहिजेत.

इंद्रायणी आणि पवना यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात, परंदवडी-सोमाटण्याच्या आसपास, राहणाऱ्या वाचकाला या कथेतील पाणी नुसते प्रतीक वाटणार नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे न्यायच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातील शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर उतरले. बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्याआधी १९२१ साली शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. मालूच्या मनात यातले काही असणे शक्य नव्हते आणि कथा व इतिहास यांची गल्लत करून चालणार नाही. परंतु प्रवाहावर सत्ता कोणाची, ती कोणत्या मार्गाने मिळवली आणि फळ कोणाला मिळाले, हे प्रश्न घेऊन मावळातला विद्यार्थी चाळिसाव्या अध्यायाकडे आला, तर तो संहितेवर परके ओझे लादतो असे म्हणता येणार नाही. ते प्रश्न संहितेतच आहेत.

४

अशा वाचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला भाविकांचा : पूज्य ग्रंथात राजकारण कशाला शोधावे? याचे उत्तर ग्रंथातच आहे. अखेरच्या अध्यायात नाथांच्या समाधिस्थानांची हकीकत देताना मालू औरंगजेबाच्या काळात ती स्थाने पिरांच्या नावांनी ओळखली जाऊ लागल्याचे सांगतो. नाव पालटले की स्थानावरचा हक्क पालटतो, हे त्याला चांगले माहीत होते. मलंगगडासारख्या स्थानाविषयीचे वाद पाहता तो विषय अद्याप मिटलेला नाही, हे आपल्यालाही माहीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मंत्रतंत्राच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध ज्यांनी आयुष्य वेचले त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा राज्यात हा ग्रंथ अभ्यासक्रमात आणणे म्हणजे अंधश्रद्धेला प्रतिष्ठा देणे नव्हे काय? ग्रंथाच्या फलश्रुतीत प्रत्येक अध्यायाच्या पठणाचे वेगळे फळ सांगितले आहे, त्यामुळे ही शंका निराधार म्हणता येत नाही. पण ग्रंथ वर्गाबाहेर ठेवल्याने त्याचे वाचन थांबत नाही. श्रावणात घरोघरी तो वाचला जातोच. वर्ग त्याला वगळतो तेव्हा त्याचा अर्थ सांगण्याचा मक्ता आपण फलश्रुतीकडे आणि तिचा व्यापार करणाऱ्यांकडे सोपवतो. विद्येच्या नावाने सामर्थ्य गाजवणाऱ्याला प्रश्न कसे विचारावेत, हे शिकवण्यासाठी या ग्रंथासारखी सामग्री क्वचितच मिळेल. शेजारणींचा संशय, आंब्यांच्या वनातील अहंकार आणि मयूराची चोरी हे प्रसंग त्यासाठी पुरेसे आहेत.

ओवी सैल आहे, पुनरुक्ती पुष्कळ आहे, ही वाङ्मयीन तक्रार खरी आहे. तथापि चाळीस अध्यायांच्या दोन टोकांना मत्स्य आणि मयूर बसवणारी रचना सैल म्हणता येणार नाही. मराठी विभागांनी या दृष्टीने तीन कामे हाती घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते. ग्रंथाच्या हस्तलिखित व मुद्रित प्रतींची पाठचिकित्सा करावी. नदी, डोंगर व समाधिस्थाने यांविषयी त्या त्या गावी सांगितल्या जाणाऱ्या कथा नोंदवून त्या ग्रंथातील कथांशी ताडून पाहाव्यात. आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात अद्भुताचा स्वतंत्र घटक ठेवून त्यात ‘नवनाथभक्तिसारा’तील निवडक अध्याय ले ग्विन वा टॉल्किन यांच्या बरोबरीने अभ्यासावेत. तुलना झाली तर ती बरोबरीच्या नात्याने व्हावी. विद्येच्या मालकीचा प्रश्न आपल्या भाषेत दोनशे वर्षांपूर्वी, आपल्याच नदीच्या काठाने विचारला गेला आहे. तो विद्यार्थ्यांपर्यंत पोचवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.