लोहाची बाजरी संभाजीनगरात तयार झाली, पण घरातल्या बाईच्या ताटात कधी येणार?

छत्रपती संभाजीनगर : खरीप तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रात चर्चा दोनच गोष्टींची. कापसाचं कोणतं पाकीट घ्यायचं आणि मक्याची कोणती बॅग आणायची. बाजरी कुणी मागितलीच तर ती 'खायापुरती'. वैजापूर, गंगापूर, पैठणच्या हलक्या रानात एकेकाळी बाजरी हेच मुख्य पीक होतं. आता ती बांधाकडेच्या पट्ट्यात किंवा वावराच्या एका कोपऱ्यात उरली आहे.

पण या खायापुरत्या बाजरीचा थेट संबंध घरातल्या बायकांच्या रक्ताशी आहे. आणि ज्या बाजरीत नेहमीपेक्षा जास्त लोह आहे, असे वाण दुसरीकडे कुठं नाही, याच जिल्ह्यात तयार झाले आहेत. तरी ते गावात किती जणांना माहीत आहेत, हा प्रश्न आहे.

निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे गोळ्या वाटल्या, मोहिमा झाल्या, तरी आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला. देशाचा आकडा ५७ टक्के आहे.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. गावात हा शब्द कुणी वापरत नाही. 'दम लागतो', 'चक्कर येते', 'पाय ओढतात', 'कामात जीव लागत नाही' असंच सांगितलं जातं. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी करून आलेल्या बाईला थकवा येणारच, असं म्हणून विषय संपतो. बाळंतपणात रक्त गेलं की मग धावपळ सुरू होते.

रक्तक्षयाची कारणं बरीच आहेत. जंत, वारंवारची बाळंतपणं, पाळीत जास्त रक्त जाणं, बी-१२ आणि फॉलिक ॲसिडची कमतरता. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे जेवणात लोह कमी असणं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९. गरज बाईची जास्त, आणि बहुतेक घरांत सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्यात जेवणारी बी तीच.

पैठण रोडवर तयार झालेले वाण

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र संभाजीनगरला पैठण रोडवर आहे. तिथल्या बाजरी संशोधकांनी एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ हे दोन लोहयुक्त संकरित वाण दिले. नावातला 'ए' औरंगाबादचा. शहराचं नाव बदललं, वाणाच्या नावात ते तसंच राहिलं.

बाजारातल्या नेहमीच्या बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असतं. २०१७ मध्ये आलेल्या एएचबी १२०० मध्ये ते ७३ मिलिग्रॅम आहे. २०१८ मध्ये आलेल्या एएचबी १२६९ मध्ये ९१ मिलिग्रॅम लोह आणि ४३ मिलिग्रॅम जस्त आहे. दोन्ही वाण ८० दिवसांच्या आसपास काढणीला येतात. हेक्टरी ३२ क्विंटलच्या घरात धान्य आणि ७० क्विंटलच्या पुढं वाळलेला कडबा, असं त्यांचं सरासरी उत्पन्न नोंदवलेलं आहे.

यांच्या आधी २०१२ मध्ये 'धनशक्ती' आली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनं आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मिळून हा वाण दिला. तिच्यात किलोला ७१ मिलिग्रॅम लोह आहे. तिचं मूळ आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या देशी बाजरीत आहे. परभणी विद्यापीठानं ज्वारीचाही 'परभणी शक्ती' हा लोह-जस्त जास्त असलेला वाण २०१८ मध्ये दिला.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. हे वाण जनुक बदललेले, म्हणजे बीटी कापसासारखे नाहीत. दाण्यावर वरून औषध किंवा पावडर लावलेलीही नाही. ज्या झाडांच्या दाण्यात मुळातच लोह जास्त, ती निवडून आणि त्यांचा संकर करून हे वाण तयार केले आहेत. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळाचं तसं नाही. तिथं लोह मिसळून वेगळे दाणे बनवतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात तांदळात टाकतात. ते दाणे वेगळे दिसतात, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून बऱ्याच ठिकाणी वेचून फेकले जातात. लोहयुक्त बाजरीत वेचून काढण्यासारखं काहीच नाही. भाकरी नेहमीसारखीच होते.

तीन भाकरींचा हिशेब

दिवसाला तीन भाकरी, म्हणजे अंदाजे २०० ग्रॅम पीठ धरा. नेहमीच्या बाजरीतून ९ ते १० मिलिग्रॅम लोह पोटात जातं. धनशक्तीतून १४ आणि एएचबी १२६९ मधून १८ मिलिग्रॅम. म्हणजे बाईच्या २९ मिलिग्रॅम गरजेचा एक तृतीयांश वाटा आधी भाकरीतून भागत होता, तो ६० टक्क्यांपर्यंत जातो. खर्च तोच, पीठ तेवढंच, चूलही तीच.

पोटात गेलेलं सगळं लोह अंगी लागत नाही, हे खरं आहे. धान्यातलं लोह शंभरात पाच ते दहा भागच शोषलं जातं. पण आफ्रिकेतल्या बेनिन देशात तरुण बायकांवर झालेल्या अभ्यासात लोहयुक्त बाजरीच्या जेवणातून अंगी लागलेलं लोह साध्या बाजरीच्या दुप्पट भरलं.

शेजारच्या जिल्ह्यातली चाचणी

याची मोठी परीक्षा संभाजीनगरच्या शेजारीच झाली. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने रोज बाजरी खायला दिली. काहींना धनशक्ती, काहींना साधी बाजरी. सुरुवातीला यातल्या ४१ टक्के मुलांमध्ये लोहाची कमतरता होती. चार महिन्यांतच धनशक्ती खाणाऱ्यांच्या शरीरातला लोहाचा साठा साध्या बाजरीवाल्यांपेक्षा जास्त वाढला. ज्यांच्यात आधीच लोहाची कमतरता होती, त्यांच्यात ती भरून निघण्याची शक्यता ६४ टक्क्यांनी जास्त दिसली. याच चाचणीतल्या काही मुलांचं लक्ष आणि स्मरणशक्तीही तपासली, तीही सुधारलेली आढळली.

मात्र मुंबईच्या झोपडपट्टीतल्या दीड वर्षाच्या आतल्या बाळांवर झालेल्या चाचणीत एकंदर ठळक फरक दिसला नाही. बाळ खातंच किती, हा त्यात मुद्दा आहे. थोडक्यात, बाजरी ही जादू नाही. जिथं ती रोज पोटभर खाल्ली जाते, तिथं ती काम करते. आणि रोज पोटभर भाकरी खाणारी माणसं मराठवाड्यात आहेत.

मग अडलंय कुठं?

पहिली अडचण भावाची. २०२५-२६ च्या खरिपासाठी बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये होता. तो सगळ्या बाजरीला एकच. लोह ९१ असो की ४५, मोंढ्यात ढीग एकच लागतो. दाणा बघून लोह कळत नाही आणि आडतीवर ते मोजायची सोय नाही. जास्त लोहाचा जास्त पैसा मिळत नसेल तर शेतकरी वाण बघतो तो उत्पन्नाचा आणि कडब्याचा. यात त्याची काही चूक नाही.

दुसरी अडचण पिकाची. २०२५-२६ मध्ये मक्याचा हमीभाव बाजरीपेक्षा कमी, २,४०० रुपये होता, पण एकरी उतारा जास्त आणि कोंबडीखाद्याला मागणी आहे. म्हणून पाण्याची थोडी सोय झाली की बाजरीच्या जागी मका येतो.

तिसरी अडचण खाण्याची. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, त्यामुळं भाकरीची जागा चपाती आणि भातानं घेतली. पोरांना डब्यात भाकरी न्यायला लाज वाटते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, मग पुढच्या भोगीची वाट.

चौथी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. बियाणं कोणतं आणायचं हे घरातला पुरुष ठरवतो. पेरताना, निंदताना, कणसं खुडताना बाई असते, पण दुकानाच्या काउंटरवर ती नसते. ज्याच्या रक्ताचा प्रश्न, त्यालाच वाण निवडताना विचारलं जात नाही.

सरकारी पातळीवर एक चांगली गोष्ट झाली. २०१८ पासून देशात बाजरीचा नवा संकरित वाण पुढं न्यायचा तर त्यात किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलंच पाहिजे, अशी अट आली. त्यामुळं पुढचे वाण फार खाली जाणार नाहीत. पण अंगणवाडी, शाळेचा पोषण आहार आणि आश्रमशाळांसाठी लोहयुक्त वाणाचीच बाजरी थेट शेतकरी गटांकडून घेतली, तर त्या बाजरीला वेगळं गिऱ्हाईक तयार होईल. गिऱ्हाईक आलं की वेगळा ढीग लागतो, आणि वेगळा ढीग लागला की वेगळा भाव मागता येतो.

दहा-पंधरा गुंठ्यांचा मार्ग

सरकारची वाट न बघता घरापुरतं काम मात्र याच हंगामात होऊ शकतं. पाच माणसांच्या घराला दिवसाला एक किलो पीठ धरलं, तर हिवाळ्याच्या पाच महिन्यांना दीड क्विंटल बाजरी लागते. पाऊस साधला तर तेवढी दहा गुंठ्यांत निघते, कमी-जास्त झालं तर पंधरा गुंठ्यांत. बियाणं लागतं अर्धा-पाऊण किलो.

बियाणं घेताना पिशवीवरचं वाणाचं नाव वाचावं आणि पक्की पावती घ्यावी. एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ हे संकरित आहेत, त्यांचं बियाणं दरवर्षी नवीन घ्यावं लागतं. घरचं पेरलं तर तो गुण टिकत नाही. धनशक्ती हा सुधारित वाण आहे. तिचं उत्पन्न संकरितापेक्षा कमी, हेक्टरी २२ क्विंटलच्या आसपास, पण चांगली कणसं निवडून बी घरी ठेवता येतं. बाजरीत परागकण वाऱ्यानं उडतात, म्हणून बियाण्याची कणसं दुसऱ्या बाजरीला लागून असलेल्या कडेची घेऊ नयेत, मधली घ्यावीत. बचत गटांना एकत्र येऊन हे सहज जमण्यासारखं आहे.

ताटातही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भाकरीबरोबर लिंबू पिळावं, आवळा, पेरू, बोरं खावीत. त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा लोह अडवतो. तास-दीड तास थांबलं तरी फरक पडतो. पीठ आठवड्यापुरतंच दळावं, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. ते कडू झालं की भाकरीच नको वाटते.

गोळी सोडायची नाही

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवायची. भाकरी हा औषधाला पर्याय नाही. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं कोणत्याही भाकरीतून एका दिवसात मिळत नाही. गरोदर बाईनं किमान १८० दिवस ती गोळी घ्यायचीच आहे. गोळीनं शौचाला काळी होते, मळमळतं, म्हणून बऱ्याच जणी मध्येच सोडतात. असं झालं तर आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगावं, पण आपल्या मनानं बंद करू नये. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर घरगुती उपायात दिवस न घालवता दवाखाना गाठावा.

गोळी आजचं रक्त भरून काढते. बाजरी पुढच्या वर्षी, आणि लेकीच्या वेळी, ते कमी होऊ नये म्हणून आहे. त्यामुळं यंदा दुकानात कापसाचं पाकीट घेताना पाऊण किलो बाजरीचं बियाणं बी मागावं, आणि ते कोणतं आणायचं हे निघण्याआधी घरातल्या बाईला विचारावं.